धुऱ्यालगतची पट्टी

कय्युमनं मातीचं ढेकूळ बोटांनी फोडलं आणि नाकाजवळ नेलं. पावसानं उघडीप देऊन दोन दिवस झाले होते. वरची काळी माती सुकून भेगाळायला लागली होती. आत ओल होती आणि त्या ओलीला आंबूस वास होता. त्यानं दुसरं ढेकूळ उचललं. गुडघे फार दुखायला लागले तेव्हा उकिडवं बसणं सोडून त्यानं सरळ मातीतच मांडी घातली. भोवतीचे तीळ तीन आठवड्यांचे होते, पण बोटभरही वाढले नव्हते. पानं पिवळी पडलेली, टोकं जळाल्यासारखी. दोन शेतांमधल्या धुऱ्याला धरून आठ-दहा हात रुंदीची ही पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. पट्टी संपली की त्याच शेतातले तीळ वीत-वीत वाढलेले, हिरवेगार.

"पाहिलं ना साहेब?" शेताचा मालक संतराम लांबूनच म्हणाला. "दुसरं साल हाये हे. मागल्या साली बी असंच झालं."

संतराम आणि त्याच्याशेजारी उभे असलेले माणिकराव पाटील, दोघांपैकी कुणीही पट्टीत पाय ठेवला नव्हता. धुऱ्यापलीकडच्या ज्वारीत एक बाई पाठमोरी बसून निंदत होती. इकडे चाललेलं बोलणं तिला ऐकू जात असणार, पण तिनं मान वळवली नाही.

"तीच ती," पाटील आवाज उतरवून म्हणाले. "शकुबाई. ह्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वारला दोन सालापूर्वी, लेकरूबाळ न्हाई. मंग धुऱ्यावरून ह्या दोघांची बोलाचाली झाली. ती ह्या धुऱ्यावर उभी राहिली, मूठभर माती घेतली अन् म्हनली, ह्या मातीत तुला काही पिकनार न्हाई. साऱ्या गावानं ऐकलं. अन् त्याच साली हे जळालं."

"अन् ह्या जेठात माझी कालवड मेली," संतराम म्हणाला. "चांगली धडधाकट व्हती. ही बाई चोरून इष टाकून राहिली साहेब. मातीतबी अन् चाऱ्यातबी."

तसा अर्ज त्यानं हिंगोलीला तहसिलीत दिला होता आणि त्या अर्जाच्या पाठीवर शेरा पडला होता, की शेतीखात्याच्या माणसानं जमिनीत विष आहे किंवा कसे ते पाहून कळवावे. निजाम सरकारच्या शेतीखात्याचा या भागातला माणूस म्हणजे कय्युम. कळमनुरीहून तट्टावर बसून निघायचं आणि गावोगाव जाऊन बी कसं निवडावं, खत कसं कुजवावं ते सांगायचं, हे काम तो बावीस वर्षं करत होता. लोक त्याला बसायला घोंगडी देत, ऐकून घेत, मान हलवत आणि तो वेशीबाहेर पडला की आपापल्या परीनं करत. याचं आता त्याला वाईटही वाटत नसे. पण विष आहे असं त्यानं लिहिलं असतं तर शकुबाईला धरून नेलं असतं आणि तिचं चार एकर शेत आपोआप दिराकडे गेलं असतं. हे पाटलांना माहीत होतं, संतरामला माहीत होतं, आणि कय्युमला अर्ज वाचतानाच कळलं होतं.

तो उठला, पायजम्याला लागलेली माती झटकली आणि धुरा ओलांडून पलीकडे गेला. मागे पाटलांनी "साहेब" म्हणून हाक घातली.

शकुबाई उठून उभी राहिली. पंचेचाळीस-पन्नासची असेल. खुरपं तिच्या हातातच राहिलं. शेतात कुणी आलं तर काय बोलायचं असतं ते विसरल्यासारखी ती त्याच्याकडे पाहत होती.

"मी कळमनुरीचा. शेतीखात्यातला."

"ठावं हाये. इष बघाया आले."

"पाणी मिळेल का, बाई?"

"माझ्या हातचं पिता?"

"तहान लागली आहे."

बाभळीखाली मडकं होतं. तिनं तांब्या भरून दिला आणि तो शेवटचा घोट घेईपर्यंत नजर हलवली नाही. कय्युमनं तांब्या परत केला. धुऱ्याजवळची ज्वारी त्यानं पाहिली. कडेची ताटं नेहमी ढोरांनी कुरतडलेली असतात. इथं एका पानाला तोंड लागलेलं नव्हतं.

"चार एकर एकट्याच निंदता?"

"कोन येईल? बाया भेतात. सख्खी जाऊ हाये माझी, द्वारका. संतरामाची बायको. लगीन होऊन आली तवा माझ्याच हाताखाली सैपाक शिकली. दोन सालं झाली, समोरून आली तर वाट बदलून जाते."

"तुम्ही बोललात ते, मातीचं?"

"बोलले. खोटं काहून सांगू? मालक जाऊन महिना न्हाई झाला अन् धुऱ्याचा दगड हातभर इकडं आला. तोंडातून निघून गेलं." तळहातावरचा घट्टा ती दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चोळत होती. "इष न्हाई टाकलं साहेब. पन बोलले ते लागलं का काय, हे मलाच समजंना झालं. त्याच्या घरी बी लेकरंच हायेत. ज्यांना मी अंगाखांद्यावर खेळवलं ती. त्यांच्या तोंडचे तीळ गेले माझ्यामुळं."

"पाहतो मी," कय्युम म्हणाला आणि परत फिरला.

येताना त्यानं पट्टीतली माती पुन्हा उकरली. तिच्यात काळ्या पडलेल्या, कुजक्या ताटांचे तुकडे होते. त्यानं ते संतरामपुढं धरले.

"कडबा कुठं रचता तुम्ही?"

"हितंच. धुऱ्याला लावून लांब गंजी घालतो. दोन सालं झाली."

"ज्वारीचाच?"

"ज्वारीचा न्हाई तर काय? कडबा रचायला मनाई हाये का?"

"अवकाळी पावसात भिजला असेल."

"खालचा थर सडला. ढोरं खाईनात, म्हनून तसाच वखरून टाकला मातीत अन् वर तिफण धरली."

कय्युमनं मान हलवली. बराबर, एवढंच म्हणाला. परभणीच्या सरकारी मळ्यात त्यानं हे पूर्वी पाहिलं होतं. पण नुसतं सांगितलं असतं तर गाव काय म्हणालं असतं तेही त्याला ठाऊक होतं: साहेब तिच्या हातचं पाणी प्याला, आता साहेब तिच्यासारखंच बोलणार.

म्हणून त्यानं चावडीत चार मडकी मागवली. संतरामच्या शेतातल्याच चांगल्या भागातली माती, जिथं तीळ वाढले होते तिथली, चारही मडक्यांत भरली. पाटलांच्या घरचा ज्वारीचा कडबा बारीक तोडून घागरीत भिजत घातला. दुसऱ्या दिवशी ते पाणी काढलं तर कोऱ्या चहासारखं दिसत होतं. संतरामनं स्वतःच्या हातानं प्रत्येक मडक्यात पन्नास-पन्नास तीळ टाकले. दोन मडक्यांना विहिरीचं पाणी, दोन मडक्यांना हे कडब्याचं. पाटलांनी चावडीला कुलूप घालायचं, रोज सकाळी संतरामसमोर कुलूप काढायचं, स्वतः पाणी घालायचं आणि पुन्हा कुलूप लावायचं. शकुबाईनं चावडीच्या बाजूलाही फिरकायचं नाही.

"ह्यानं काय व्हईल?" पाटलांनी विचारलं.

"आठ दिवसांनी येतो. तुम्हीच मला सांगा."

ते आठ दिवस कय्युम जवळा बाजारच्या बाजूची गावं फिरला. एका गावात त्यानं कपाशीवरच्या किडीबद्दल सांगितलं, दुसऱ्या गावात सांगायला गेला तर सगळी माणसं बाजाराला गेली होती. तट्टाचा नाल निखळला. पाऊस पुन्हा लागला आणि एका पडक्या धर्मशाळेत दीड दिवस बसून राहावं लागलं. तिथं बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, की या बावीस वर्षांत एखाद्या गावात काय झालं हे बघायला परत जायची घाई आपल्याला कधी झाली नव्हती.

तो परतला तेव्हा चावडीपुढं वीस-पंचवीस माणसं जमली होती. बायका लांब उभ्या होत्या. त्यांत डोक्यावरचा पदर दातांत धरून द्वारकाबाईही होती. पाटलांनी मडकी ओट्यावर आणून ठेवली होती. विहिरीच्या पाण्याच्या दोन मडक्यांत तीळ दाट उगवले होते, दोन-दोन पानांवर आले होते. कडब्याच्या पाण्याच्या मडक्यांत मोजून सात-आठ कोंब, तेही वाकडे आणि पिवळे. कय्युमनं एक कोंब उपटून संतरामच्या हातावर ठेवला. मुळाचं टोक तपकिरी पडलं होतं.

"तुमच्या पट्टीत हेच झालंय," तो म्हणाला. "ज्वारीच्या ताटात एक रस असतो. ती कुजली की तो मातीत उतरतो आणि दुसऱ्या बियांना वाढू देत नाही. तिळाला तर फार तकलीफ होते त्याची. कुणी टाकलेलं विष नाही हे. गंजी दुसरीकडे घाला, पट्टी दोनदा वखरून एक-दोन पाऊस खाऊ द्या. पुढच्या साली तीळ येतील."

"अन् कालवड?"

"कालवड कशानं मेली ते मला माहीत नाही. पण हे ज्वारीनं झालंय."

संतरामनं तो कोंब बोटांत फिरवून पाहिला.

"मंग तिच्या बोलन्यानं काही झालं न्हाई?"

"नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही," कय्युम ठासून म्हणाला. चार माणसांना ऐकू जावं म्हणून त्यानं ते पुन्हा एकदा म्हटलं.

जमलेल्यांत कुणीतरी हसलं, आणि मग बरेचजण हसले. संतरामही हसला. कोंब त्यानं टाकून दिला आणि हात धोतराला पुसला. कय्युमला अजून बरंच सांगायचं होतं: की नुसता कडबाच नव्हे, ज्वारीच्या मुळांतही हेच असतं, ज्वारीमागं लगेच तीळ घेऊ नयेत, आणि हाच गुण कामालाही येतो, तण माजलेल्या रानात ज्वारी दाट पेरली तर निंदणीचा त्रास कमी होतो. तो सांगत होता, पण माणसं उठली होती. मडकी कुणी न्यायची यावरून पाटलांच्या गड्याशी कुणाचं तरी बोलणं चाललं होतं.

विष नाही, असं त्यानं तिथंच बसून लिहिलं, खाली सही केली आणि शकुबाईच्या शेताकडे गेला. तिला हे आपण स्वतः सांगावं असं त्याला वाटत होतं. चालताना गुडघ्यांची आठवण झाली नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मडकी कशी होती ते दोनदा विचारलं. मग ती धुऱ्यावर बसली.

"म्हंजी माझ्या बोलन्यात काही नव्हतं."

"काही नव्हतं, बाई."

"लेकरांचं तोंडचं म्या न्हाई काढलं."

"नाही."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "जीव हलका झाला, साहेब. लई उपकार झाले तुमचे." आणि उठता उठता, त्याच आवाजात, "आता दगड पुन्हा चालू लागंल."

"कुठला दगड?"

"धुऱ्याचा. दोन सालं जागचा हालला न्हाई. एक ढोर शिरलं न्हाई माझ्या रानात." ती खुरपं घेऊन ज्वारीच्या ओळीत बसली. "ऱ्हाऊ द्या. तुमी तुमचं काम केलं. सांज व्हायच्या आत निघा, वढ्याला पानी येतं."

कय्युम निघाला, कारण ओढ्याला खरंच पाणी येत असे.

पुढच्या पावसाळ्यात, आषाढ सरताना, तो त्या बाजूला पुन्हा आला. कुणी बोलावलं नव्हतं. साखऱ्याला काम होतं, तिथून हे गाव दोन कोस. गावात शिरायच्या आधीच तो शेताकडे वळला.

शकुबाईच्या रानात चार बायका ओळीनं निंदत होत्या. त्यांच्यात द्वारकाबाई होती, जावेच्या शेजारच्याच ओळीत. दोघी काहीतरी बोलत होत्या, हात चालू होते. कय्युमला पाहून शकुबाई उठून बाभळीखाली आली आणि न मागता तांब्या भरून दिला.

"बाया येतात आता," ती म्हणाली. "द्वारका तर परवा भाकरी घेऊन आली. एका फडक्यात दोघी जेवलो. दोन सालं झाली व्हती कुनासंगं जेवून."

"आणि धुरा?"

तिनं मानेनं दाखवलं. बाभळीपासून धुरा पूर्वी चाळीस पावलांवर होता. आता पंचवीस पावलंही नव्हता. नवीन बांधलेला, अजून गवत न धरलेला.

"वैशाखात वखरलं त्यानं. मी उभी व्हते, तो वखरत व्हता. पाटलाकडं गेले, पाटील म्हनले, घरातलं भांडन घरात मिटवा." ती रागानं बोलत नव्हती. राग करायलाही अंगात काही लागतं, ते तिच्यात उरलेलं दिसत नव्हतं. "बाया हायेत, ते बरं झालं. एकटीनं बोलायचं तरी कुनाशी."

कय्युम पाणी पिऊन धुऱ्याकडे गेला. पलीकडून संतराम लगबगीनं आला. त्यानं साहेबांना रामराम केला, हाताला धरून आपल्या तिळात नेलं. गेल्या वर्षीची जळकी पट्टी हिरवीगार झाली होती, तीळ दाट, तजेलदार.

"तुमी म्हनले तसंच केलं, साहेब. गंजी खळ्यावर हालवली. बघा."

"छान आहेत."

"पन इकडं या जरा."

नव्या धुऱ्यालगत त्यानं कय्युमला उभं केलं. पंधरा पावलं रुंदीची पट्टी, नुकतीच त्याच्या शेतात आलेली. तिच्यातले तीळ पिवळे पडले होते. पानांची टोकं जळाली होती. काही ठिकाणी उगवलेच नव्हते.

"हितं कडबा रचला न्हाई," संतराम म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "एक ताट बी ठेवलं न्हाई. कुलदैवताची शप्पथ. मंग काहून?"

कय्युम खाली पाहत होता. त्याच्या पायाशी ढेकळातून एक धसकट वर आलं होतं, मुळांच्या झुबक्यासकट कुजलेलं. त्याच्या पलीकडे दुसरं होतं. गेल्या वर्षी या जागेत शकुबाईची ज्वारी उभी होती; तिचीच धसकटं वखरून मातीत गाडली गेली होती आणि त्यांच्यावर पहिल्याच पावसात तीळ पेरले होते. एका वाक्यात सांगण्यासारखी गोष्ट होती. चावडीपुढं तो हेच सांगत होता तेव्हा संतराम उठून गेला होता.

"कुणाचं शेत होतं हे?" त्यानं विचारलं.

संतराम पट्टीतलं एक पिवळं रोप उपटून न्याहाळू लागला.

"साहेब, तुमाला ठावं असंल. तुमी जानकार हायेत. मडकी मांडता का पुन्हा?"

कय्युमनं पायाच्या टोकानं ते धसकट मातीत दाबलं. मग त्याच्यावर थोडी माती लोटली. बावीस वर्षांत, आता तेवीस, शेतकऱ्यानं विचारलं आणि माहीत असून सांगितलं नाही असं त्यानं कधी केलं नव्हतं.

"मला नाही सांगता येणार," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हणजे कडब्याचं मला कळत होतं. याचं मला सांगता येत नाही."

संतरामनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पट्टीकडे. मग त्याची नजर धुऱ्यापलीकडे गेली, जिथं बायका निंदत होत्या. तो दोन पावलं मागं सरला, पट्टीच्या बाहेर, आणि तिथं उभा राहिला.

कय्युम तट्टाकडे चालू लागला. आपण काय केलं ते त्याला नीट कळत होतं. बरं केलं का, ते कळत नव्हतं. रिकिबीत पाय घालताना त्यानं संतरामची हाक ऐकली. हाक त्याला नव्हती.

"द्वारके. बाहेर ये तिथून."

द्वारकाबाई ओळीतून उठली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, पिवळ्या पट्टीकडे पाहिलं. शकुबाईनं मान वर करून काही विचारलं असावं. तेवढ्या अंतरावरून ऐकू आलं नाही. द्वारकाबाईनं खुरपं जावेच्या समोर मातीत ठेवलं, शकुबाईचंच होतं ते, पदर डोक्यावर घेतला आणि ज्वारीतून वाट काढत ती धुऱ्याकडे निघाली. बाकीच्या तिघी हात थांबवून तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांतली एक उठली.